सुतळीत बांधलेलं विद्यापीठ

प्रा. राम ताकवले यांना मी कधी भेटलो नाही. सभेत नाही, कुणाच्या लग्नात नाही, पुणे स्टेशनवरसुद्धा नाही. तरी चाळीसेक वर्षं हा माणूस माझ्या टेबलावर येत राहिला, आणि दर वेळी कागदावरूनच.

पहिल्यांदा आला तो १९८१ साली. मी पुणे विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला होतो. क्लासिकल मेकॅनिक्सला गोल्डस्टीनचं पुस्तक डोक्यावरून जायला लागलं की आम्ही मुकाट ‘ताकवले-पुराणिक’ उघडायचो. पुस्तकाचं छापील नाव ‘इंट्रोडक्शन टु क्लासिकल मेकॅनिक्स’, पण हॉस्टेलवर ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. यातले ताकवले म्हणजे वरच्या मुख्य इमारतीत बसणारे आपले कुलगुरू, हे मला एका सिनियरनं सांगितलं तेव्हा खरं वाटेना. कुलगुरू हा पुस्तक लिहिणारा माणूस असू शकतो, ही कल्पनाच नव्हती. कुलगुरू म्हणजे ज्याच्या दारावर मोर्चा न्यायचा तो.

दुसऱ्यांदा ते आले पदवीच्या प्रमाणपत्रावर, सही होऊन. आणि तिसऱ्यांदा १९९१ मध्ये, मी शिकवत होतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सुतळीनं करकचून बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून. लिहायचं आहे ते या तिसऱ्या भेटीबद्दल. पण त्याआधी ‘बहिस्थ’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं काम कॉलेजांनी करायचं, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि शिक्का मारायचा. पुढच्याच वर्षी लंडननं आपल्या परीक्षा कॉलेजात न बसणाऱ्यांनाही खुल्या केल्या. आपल्याकडे ही मोकळीक यायला फार वेळ लागला आणि आली तीही अंग चोरून. नोकरी करणारा कारकून, प्राथमिक शिक्षक, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी यांनी फॉर्म भरायचा, फी भरायची आणि मार्च-एप्रिलमध्ये नंबर शोधत परीक्षेला यायचं. मधल्या काळात विद्यापीठाला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. हा बहिस्थ विद्यार्थी. त्याचा खरा गुरू म्हणजे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारं गाइड. १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं टपालानं धडे पाठवायला सुरुवात केली. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग १९७१ चा. तरीही वर्गातला विद्यार्थी सख्खा आणि बाहेरचा सावत्र, हा भाव काही गेला नाही.

पुणे विद्यापीठ १९४९ चं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या विद्यापीठानं बाहेरच्यांसाठी आणखी एक दार ठेवलं होतं, ते बहिःशाल शिक्षण मंडळाचं. खेड्यापाड्यांत व्याख्यानं भरवायची. जयकरांच्याच नावाची बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला पुढे कॉलेजाकॉलेजांतून त्याच मंडळातर्फे होत आली. आमच्या गावीही ती व्हायची. तीन दिवस, तीन वक्ते, सतरंज्या, पुढच्या रांगेत ग्रामपंचायतीचे सदस्य, मागे आम्ही पोरं. वक्ते बरे असत. पण चौथ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या की विद्यापीठ पुण्याला परत जाई.

ताकवले पुण्याचे कुलगुरू झाले १९७८ साली आणि १९८४ पर्यंत राहिले. तेव्हा या विद्यापीठाखाली पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव असे पाच जिल्हे होते. नंदुरबारकडच्या कॉलेजातल्या पोराचा निकाल अडला तर त्यानं एस.टी.नं पुण्याला यायचं. ज्यानं अशा विद्यापीठाचा गाडा सहा वर्षं ओढला, त्याला एक गोष्ट तरी पक्की कळत असणार की या यंत्राची बहुतेक ताकद परीक्षा पार पाडण्यात खर्ची पडते. हा माझा अंदाज, त्यांचं म्हणणं म्हणून सांगत नाही. पण पुढे त्यांनी नाशिकला जे उभं केलं त्याकडे पाहून हा अंदाज करता येतो.

त्याच १९७८ च्या २ ऑक्टोबरला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. अध्यापन आणि संशोधनाबरोबर विस्तारकार्य हेही विद्यापीठाचं काम आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं त्याच सुमारास मान्य केलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. एन.एस.एस.मधून आम्हा चौघांना एका वस्तीवर रात्रीचा वर्ग घ्यायला धाडलं. कंदील, पाटी, खडू, अंकलिपी सगळं मिळालं. माणसंही बसली. महिनाभरात वर्ग बंद पडला, कारण ऊसतोडीचा हंगाम आला आणि अख्खी वस्ती बैलगाड्या जुंपून निघून गेली. अहवालात आम्ही ‘प्रौढांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था’ असं लिहिलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आम्ही, आम्हाला दुसरं काय लिहिता येणार? वर्गाचं वेळापत्रक आमचं होतं, हंगाम त्यांचा होता.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला सुरू झालं आणि ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. यशवंतरावांचं नाव शोभेला दिलेलं नव्हतं. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारकिर्दीत फी माफ झाली. ई.बी.सी. म्हणून ती सवलत आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. मराठवाडा आणि शिवाजी ही दोन विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली. देशात त्याआधी चार मुक्त विद्यापीठं निघाली होती. पहिलं हैदराबादचं, १९८२ चं. ते उभारणारे जी. राम रेड्डी आधी उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ताकवलेही आधी पुण्याचे, मग नाशिकचे, मग १९९५ ते १९९८ दिल्लीच्या त्याच खुर्चीवर. दोन राम, आणि दोघांची वाट जवळजवळ एकच. नेहमीच्या विद्यापीठाचा कारभार आतून पाहिलेल्या माणसांनाच त्याच्या बाहेर काहीतरी बांधावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही.

विद्यापीठाची जागा गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन गावच्या शिवारात. पत्त्यात ‘ज्ञानगंगोत्री’ आणि ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ असं सहज बोलतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लोकांना हे ब्रीद जरा भाषणातलं वाटलं तरी नाशिकला ते नळाच्या पाण्याइतकं घरगुती होतं. शहराला धरणाचं पाणी नळानं घरोघरी येतच होतं.

आमचं कॉलेज मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र व्हायचं ठरलं तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. मुक्त विद्यापीठ म्हणजे विद्येपासून मुक्त, हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये स्वतंत्रपणे जन्मला असावा. आमच्याकडे तो मी केला होता. केंद्रप्रमुख अर्थातच प्राचार्य. केंद्रसंयोजक कोण, यावर सगळ्यांना एकाएकी घरची कामं आठवली आणि रविवार मोकळा असलेला सर्वांत धाकटा माणूस म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. विषय फिजिक्स, काम बी.ए.च्या आणि पूर्वतयारीच्या विद्यार्थ्यांचं. मानधन मिळे, पण त्या रकमेवर बोलण्यासारखं काही नाही.

तर ते गठ्ठे. ते आले शनिवारी दुपारी, आणि ठेवायला जागा नाही म्हणून फिजिक्सच्या प्रयोगशाळेत उतरवले. ऑप्टिकल बेंच बाजूला सरकवून मी आणि शिपाई सुतळ्या कापत बसलो. शाईचा आणि खळीचा वास. मी सहज एक पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर नावांची यादी होती: कुलगुरू : प्रा. राम ताकवले. त्याखाली लेखक, संपादक, आणि अनुदेशन तंत्र पाहणारा आणखी एक संपादक. एवढी माणसं एका पातळशा पुस्तकाला कशाला, असं वाटलं.

मग घटक एक. सुरुवातीला उद्दिष्टे, म्हणजे हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय काय करता येईल ते. मग प्रास्ताविक, मग विषयविवेचन. दोन-तीन पानं झाली की स्वयंअध्ययन प्रश्न. थांबा, पुढे जाऊ नका, आधी हे सोडवा. उत्तरं घटकाच्या शेवटी. मग सारांश, शब्दार्थ, स्वाध्याय. मला एकदम प्रयोगवही आठवली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आमच्या विषयात हात धरून शिकवण्याची जी रीत, ती इथे इतिहासाला आणि मराठीला लावली होती. भौतिकशास्त्राचा माणूस कुलगुरू असल्यामुळे असं झालं, असा दावा करणार नाही. जगभरच्या दूरशिक्षणाच्या पुस्तकांची घडण साधारण अशीच असते. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ पासून याच वाटेनं गेलेली. पण मराठीत, तालुक्याच्या गावात, मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

गाइड विद्यार्थ्याला उत्तर देतं आणि पाठ्यपुस्तक शिक्षकाशी बोलतं. हे पुस्तक तिसऱ्याच माणसाशी बोलत होतं. तो माणूस रात्री साडेनऊला भांडी आवरून किंवा शेवटची फेरी संपवून, एकटा, पिवळ्या बल्बखाली बसलेला, आणि ज्याला विचारायला आजूबाजूला कुणी नाही. बहिस्थाला तोवर कुणी ‘तुम्ही’ म्हणून हाक मारली नव्हती. ताकवल्यांच्या कारभाराचं मोठं काम म्हणून मला विचाराल तर मी इमारत सांगणार नाही, हे सांगेन. कारण तो कारभारच होता. शंभर प्राध्यापकांकडून मुदतीत लिहून घेणं, त्यांची पल्लेदार वाक्यं मोडून घेणं, छापणं, गठ्ठे बांधणं, ते गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत सत्र सुरू व्हायच्या आधी पोचवणं. नेहमीच्या विद्यापीठात एखादा प्राध्यापक आजारी पडला तर एक तास बुडतो. इथे लेखकानं घटक दिला नाही तर राज्यभर त्या विषयाचं शिकवणंच थांबतं.

आणि ते अधूनमधून थांबायचंही. पुस्तकं उशिरा आली की विद्यार्थी माझ्याकडे यायचे आणि मी वर बोट दाखवायचो. पण केंद्रांची स्थिती काही वेगळी नव्हती. माझ्या ओळखीच्या एका गावात एक केंद्र फक्त फलकावर चालायचं. संमंत्रणाच्या, म्हणजे केंद्रावरच्या मार्गदर्शनाच्या, रविवारी दाराला कुलूप आणि नोंदवहीत मात्र पूर्ण हजेरी. मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही. पहिल्या वर्षी गृहपाठाच्या वह्या मी रविवारी क्रिकेटची मॅच बघत तपासल्या आणि सगळ्यांना दहापैकी सात दिले. केंद्रावर मार्गदर्शन करणारा तो संमंत्रक, हा शब्द विद्यापीठानंच रूढ केला. आम्ही त्याला मंत्र पुटपुटून दक्षिणा घेणारा म्हणायचो, आणि पहिलं वर्षभर तसेच वागलो.

यात बदल झाला तो एका बाईंमुळे. पूर्वतयारीला आल्या होत्या. पूर्वतयारी म्हणजे ज्यांची बारावी नाही, दहावीही नाही, पण वय अठराच्या पुढे आहे, त्यांनी आधी हा छोटा शिक्षणक्रम करायचा आणि तो पार केला की बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश. नेहमीच्या विद्यापीठवाल्यांना यावरच सगळ्यात जास्त राग होता. या बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, शाळा नववीतून सुटलेली. एका रविवारी त्यांनी शंका विचारायला पुस्तक पुढे केलं. मी उत्तर शोधायला घटकाचं शेवटचं पान उघडायला गेलो तर ते उघडेना. स्वयंअध्ययन प्रश्नांच्या उत्तरांची पानं त्यांनी सुईदोऱ्यानं शिवून टाकली होती. प्रत्येक घटकाची. बारीक, सरळ धावदोरा, शेवटी गाठ.

मी विचारलं, “हे कशाला?”

त्या म्हणाल्या, “सर, डोळा जातो ना तिकडं. सोडवून झालं की उसवते.”

पुस्तकाचे निम्मे टाके उसवलेले होते. जिथे उसवले होते तिथे कागदाला भोकांची ओळ राहिली होती. त्या आठवड्यात मी वह्या पुन्हा तपासायला घेतल्या.

माझ्या केंद्रावर एस.टी.चे कंडक्टर होते, साखर कारखान्याच्या काट्यावरचे कारकून होते, दोन पोलीस होते, एक न्हावी होता आणि पुष्कळ बायका होत्या. शेजारच्या तालुक्यात कृषीचं केंद्र होतं. तिथे फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती अशा पदविका होत्या. डाळिंबवाले आणि द्राक्षवाले त्या करत, सगळं मराठीत. बी.एड.ला नोकरीतले शिक्षक येत. ऑक्टोबरनंतर कारखाना सुरू झाला की काट्यावरचे लोक दिसेनासे होत आणि गाळप संपलं की पुन्हा येत. त्यांच्यासाठी काही कोणी वर्ग बंद करत नव्हतं आणि त्यांना अनास्था आहे असा अहवालही लिहीत नव्हतं. पुस्तक घरी होतंच. एखादा विषय राहिला तर पुढच्या खेपेला. १९७८ ची ती वस्ती मला तेव्हा बऱ्याचदा आठवली.

बारावी नसताना मिळवलेली पदवी नोकरीला, पुढच्या शिक्षणाला धरायची की नाही, यावर नंतर देशभर वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात गैर काहीच नाही असं मी म्हणणार नाही. दार उघडं ठेवलं की चोरही आत येतात, आणि कॉपीनं पास होणारे माझ्याही केंद्रावर होते. पण असले लोक नेहमीच्या कॉलेजातही कमी नव्हते, तिथे फक्त त्यांच्याकडे ओळखपत्र होतं.

दिल्लीतल्या तीन वर्षांबद्दल मला बोलता येणार नाही, ते माझ्या टेबलापासून लांब होतं. तिथून परतल्यावर त्यांचा ओढा संगणकाकडे गेला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघालं, त्याच्या उभारणीत आणि मार्गदर्शनात ते होते. त्यातून एम.एस.-सी.आय.टी. हे संगणक-साक्षरतेचं प्रमाणपत्र आलं आणि पाहता पाहता तालुक्याच्या प्रत्येक पेठेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, सहा-आठ संगणक मांडून केंद्रं झाली. सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागू लागलं. आमचे हेडक्लार्क पंचावन्नाव्या वर्षी माऊस धरायला शिकले. पहिल्या दिवशी तो उचलून पडद्याला लावत होते. केंद्र दुसऱ्याच्या जागेत, शिकवणारा गावातलाच, मजकूर आणि परीक्षा मध्यवर्ती. नाशिकच्या अभ्यासकेंद्राची घडी मला त्यात चटकन ओळखू आली. फरक इतकाच की सुतळीच्या जागी वायर आली होती.

मला हे दुसरं प्रकरण पहिल्याइतकं आवडलं नाही. पडद्यावर बरोबर-चूक लगेच कळतं, तिथे काही शिवून ठेवता येत नाही. पण हे म्हाताऱ्या मास्तरांचं म्हणणं आहे असं समजा.

मे २०२३ मध्ये ताकवले गेले, नव्वद वर्षांचे होऊन. वर्तमानपत्रांत लेख आले. माजी कुलगुरू, शिक्षणतज्ज्ञ, दूरशिक्षणाचे प्रणेते. सगळं बरोबरच होतं. त्या दिवशी मी माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. ताकवले-पुराणिकची वाळवी लागलेली प्रत मिळाली, पदवीचं प्रमाणपत्र मिळालं. १९९१ च्या गठ्ठ्यातलं एकही पुस्तक मिळालं नाही. आमच्या केंद्रावरच्या उरलेल्या प्रती नवा अभ्यासक्रम आल्यावर मीच रद्दीत काढायला सांगितल्या होत्या, किलोच्या भावानं. त्या बाई पुढे बी.ए. झाल्या, अंगणवाडी सेविका झाल्या. त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी ती पुस्तकं धाकट्या जावेला दिली, जावेनं भाचीला. पुढचा पत्ता त्यांना ठाऊक नाही.

मराठी माणसाला एकट्यानं कसं शिकता येईल याचा विचार करून लिहिलेली ती पहिल्या पाच-सहा वर्षांची पुस्तकं नाशिकबाहेर कुठे एकत्र पाहायला मिळतील, असं मला आढळलं नाही. तुमच्या घरी, माळ्यावर, आईच्या किंवा मावशीच्या पेटीत १९८९ ते १९९५ मधलं मुक्त विद्यापीठाचं एखादं पुस्तक असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या. समासात कुणी पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर ते खोडू नका.